फ्लॅटमध्ये १८ वॅटचा ट्यूब ॲम्प: कमी आवाजात टोन टिकवण्याच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

गिटारचा ॲम्प हाताने बांधलेला आहे, मार्शलच्या १९७४ या मॉडेलच्या सर्किटवरून. १९७४ हा मॉडेल नंबर, साल नव्हे. मूळ ॲम्प साठच्या दशकातला. एकच चॅनल ठेवलाय. दोन ईएल८४ (स्पीकरला ताकद देणाऱ्या आउटपुट ट्यूब), दोन ईसीसी८३ (त्याआधी सिग्नल वाढवणाऱ्या), रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ईझेड८१. कॅथोड बायस, म्हणजे ट्यूबचा करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो, दोन्ही ईएल८४ना मिळून १५० ओमचा एकच रेझिस्टर. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. स्पीकर १२ इंची ८ ओमचा सेलेशन ग्रीनबॅक, २५ वॅट.

काम सुरू करण्याआधीची मापं: बी-प्लस (ट्यूबना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज) ३३० व्होल्ट, कॅथोडवर ११.२ व्होल्ट, म्हणजे दोन ट्यूबचे मिळून साधारण ७५ मिलीअँपिअर. ही मापं लिहून ठेवल्याशिवाय ॲम्पला हात लावू नका. काही बिघडलं तर तुलना करायला दुसरं काही नसतं.

अडचण सगळ्यांना माहीत असलेलीच. व्हॉल्यूम ३ वर आवाज स्वच्छ पण पातळ. ६ च्या पुढे तार छेडली की आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलतो. हवा आहे तो टोन तिथे. पण ७ वर एक मीटरवरून फोनच्या ॲपमध्ये १०७ डेसिबल दिसतात. फोनचे आकडे तुलनेपुरतेच धरायचे. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनी नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ती खोलीतली नाही, बाहेरची. पण दाराबाहेर किती जायला हवं ते त्यावरून कळतं. दार लावून खोलीत एक मीटरवर ८५ च्या आत यायचं, हे उद्दिष्ट.

५ जानेवारी

उपाय निवडायच्या आधी डिस्टॉर्शन नक्की कुठे तयार होतं ते बघितलं. स्पीकर काढून ८ ओम १०० वॅटचा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टर) लावला, इनपुटला ४०० हर्ट्झची साइन वेव्ह, १०० मिलीव्होल्ट. ऑसिलोस्कोप एकेका टप्प्यावर फिरवला.

पहिला ट्रायोड (ईसीसी८३चा अर्धा भाग) व्हॉल्यूम ७ वरही स्वच्छ. आउटपुटची वेव्ह व्हॉल्यूम साडेचारला चपटी व्हायला लागते, पाचच्या थोडं पुढे फेज इन्व्हर्टरही (दोन ईएल८४ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारा टप्पा) वेव्हची टोकं कापायला लागतो. सात वर बी-प्लस ३३० वरून ३०२ वर उतरतो. तार छेडल्यावर आवाज जो दबतो तो हाच.

म्हणजे या ॲम्पचा टोन सगळा मागच्या अर्ध्या भागात आहे. प्रीॲम्पनंतर साधा मास्टर व्हॉल्यूम टाकला तर हातात काहीच राहणार नाही. ईएल८४ना पूर्ण काम करू द्यायचं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पुढे वॅट जाळायचे, हाच मुख्य मार्ग. मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावून बी-प्लस खाली आणायचाही पर्याय होता. पण ३३० व्होल्टवरचा मॉस्फेट इन्सुलेट करून हीटसिंकवर बसवायला या चेसिसमध्ये जागा नाही, आणि व्होल्टेज फार खाली नेलं की ट्यूबचा स्वभावच बदलतो. तो सोडला.

११ जानेवारी

पहिला प्रयत्न फसला, आणि धोकादायक पद्धतीने फसला.

पुस्तकी एल-पॅड (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये आवाज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडणी) बांधला, ६ डेसिबलचा: ॲम्पकडून येणाऱ्या वायरमध्ये सिरीजला ३.९ ओम, त्यानंतर स्पीकरला समांतर ८.२ ओम. दोन्ही १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर, टॅगस्ट्रिपवर (सोल्डर करायच्या टोकांची पट्टी), टॅगस्ट्रिप लाकडी फळीवर. खर्च ४० रुपये.

आवाज कमी झाला, पण गिटारवर घोंगडं टाकल्यासारखा झाला. खालच्या ई तारेचा दणका गेला, पिकची कड गेली. ट्रेबल पूर्ण फिरवूनही परत येईना.

बाराव्या मिनिटाला आवाज खरखरला आणि बंद पडला. लगेच मेन स्विच बंद केला. फळीवर बघितलं तर ३.९ ओमच्या पायाशी सोल्डरचा थेंब अजून ओला, चमकत होता. पाय टॅगमधून निसटून अर्धा सेंटिमीटर वर उभा राहिला होता. फळी खाली तपकिरी पडली होती.

हिशोब आधी करायला हवा होता. १८ वॅटचा ॲम्प पूर्ण कापायला लागला की २५ वॅटपर्यंत देतो. ८ ओममध्ये २५ वॅट म्हणजे करंटचा वर्ग ३.१, त्याला ३.९ ने गुणलं की १२ वॅट. हे १० वॅटच्या रेझिस्टरवर, हीटसिंकशिवाय. सोल्डर वितळणारच होतं.

त्याहून मोठी चूक जोडणीत. सिरीजचा रेझिस्टर पहिला असल्यामुळे तो निसटताक्षणी ॲम्पला लोडच उरला नाही. पूर्ण आवाजावर चालणाऱ्या ट्यूब ॲम्पचा लोड सुटला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर हजारो व्होल्टचे झटके उठू शकतात, आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन किंवा ट्यूबचा सॉकेट जळतो.

१२ जानेवारी

आजचा दिवस तपासणीत गेला. प्रायमरीचे दोन अर्धे १४८ आणि १६१ ओम. बांधताना लिहिलेले आकडे हेच होते. दोन अर्धे सारखे नसतात, बाहेरच्या थरांना तार जास्त लागते, त्यामुळे या फरकाने घाबरू नका. ईएल८४च्या सॉकेटवर सात नंबरच्या पिनभोवती, म्हणजे ॲनोडपाशी, काळी रेघ पडली आहे का ते टॉर्चने बघितलं. नाही. डमी लोडवर अर्धा तास चालवला, कॅथोड ११.२ व्होल्टवरच. ट्रान्सफॉर्मर वाचला.

कायमचा उपाय म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, ॲम्पच्या आतच, २२० ओम १० वॅटचा रेझिस्टर पक्का लावला. जुन्या सामानातला होता. नेहमीच्या वापरात तो एक वॅटच्या आसपासच खातो, टोनवर परिणाम नाही. बाहेर काहीही निसटलं तरी ट्रान्सफॉर्मर अगदी उघडा पडत नाही. हे पूर्ण संरक्षण नव्हे, पण असायला हवं.

१८ जानेवारी

आवाज का मेला, ते कागदावर सुटलं.

स्पीकर ८ ओमचा म्हणतात, पण तो सगळीकडे ८ ओम नसतो. रेझोनन्सपाशी, म्हणजे शंभर हर्ट्झच्या खाली, त्याचा इम्पिडन्स (एसीला होणारा विरोध) कित्येक पटींनी चढतो, आणि वर काही हजार हर्ट्झवर कॉइलमुळे पुन्हा चढतो. फीडबॅक नसलेल्या पेन्टोड (ईएल८४सारख्या ट्यूबच्या) ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असतो, म्हणून स्पीकरचा इम्पिडन्स जिथे चढतो तिथे ॲम्पचं व्होल्टेजही चढतं. खालचा दणका आणि पिकची कड यातूनच येतात. माझ्या एल-पॅडमध्ये स्पीकरला समांतर ८.२ ओम बसले होते. स्पीकरच्या बाजूने मागे बघितलं तर ८ ओमपेक्षा कमी दिसत होतं. दोन्ही चढ त्याने सपाट केले.

उपाय: क्रम उलटा करायचा. आधी ॲम्पला समांतर १६ ओम, मग स्पीकरच्या सिरीजला ८ ओम.

ॲम्पला दिसतं ते: १६ ला समांतर (८ अधिक स्पीकरचे ८), म्हणजे बरोबर ८. स्पीकरला निम्मं व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबल कमी. आणि स्पीकरकडून मागे बघितलं तर ८ अधिक, १६ ला समांतर ॲम्पचा इम्पिडन्स. एकूण २० ओमच्या आसपास. स्पीकर मोकळा राहतो.

या जोडणीची सगळ्यात चांगली गोष्ट अशी, की अशा कितीही पायऱ्या एकापुढे एक लावल्या तरी मागचा इम्पिडन्स १६ ओमच्या खाली जात नाही. समीकरण सोडवलं तर उत्तर नेमकं १६ येतं. म्हणजे ६, १२, १८, २४ डेसिबल, सगळ्या पायऱ्या त्याच दोन किमतींच्या रेझिस्टरनी होतात. वेगवेगळी मूल्यं शोधत फिरायची गरज नाही.

शिवाय सुरक्षित. समांतरचा रेझिस्टर तुटला, सिरीजचा तुटला, किंवा स्पीकरचा जॅक निसटला, तरी ॲम्पला १६ ओमच्या आसपास काहीतरी दिसतंच.

वॅटचा हिशोब, या वेळी आधी: २५ वॅटपैकी पहिल्या पायरीचा समांतर रेझिस्टर १२.५ खातो, सिरीजचा ६.२५, पुढे जातात ६.२५. दुसऱ्या पायरीत समांतर ३.१, सिरीज १.६. पुढे नगण्य. नियम केला: जेवढे वॅट निघतील त्याच्या तिप्पट क्षमतेचा रेझिस्टर, त्याहून कमी नाही.

१९ जानेवारी

खरेदी. १६ ओम बाजारात सहज मिळत नाही, १५ मिळतो. ८ च्या जागी ८.२. चालतं, ॲम्पला ७.८ दिसतात.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात बहुतेक सामान मिळालं: १५ ओम ५० वॅट आणि ८.२ ओम ५० वॅट, दोन्ही सोनेरी ॲल्युमिनियम खोळीचे, प्रत्येकी १९०. पुढच्या तीन पायऱ्यांसाठी १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर, १५ ओमचे तीन आणि ८.२ चे तीन, प्रत्येकी २०. ओतीव ॲल्युमिनियमचा डबा ६२०. जॅक दोन, १२०. टॉगल स्विच तीन, २१०.

सोनेरी रेझिस्टरवर लिहिलेले ५० वॅट हे तो धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवला असेल तरच. हवेत लटकवला तर निम्मेही धरू नका. पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

२५ जानेवारी

कॉइल. नुसत्या रेझिस्टरनी ॲम्पला वरच्या फ्रिक्वेन्सीवरही जवळपास ८ ओमच दिसतात, खऱ्या स्पीकरसारखा चढ दिसत नाही. म्हणून पहिल्या पायरीच्या १५ ओमच्या सिरीजला १ मिलीहेन्रीची कॉइल. पाच हजार हर्ट्झवर ती ३१ ओम होते, त्यामुळे वरचा भाग जळण्याऐवजी पुढे जातो.

तयार कॉइल शोधण्यापेक्षा गुंडाळणं सोपं. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून २० गेजची इनॅमलची तांब्याची तार, पाव किलो, ३००. लागते १४० ग्रॅमच्या आसपास. बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर असलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूंना हार्डबोर्डच्या चकत्या, मधली रुंदी २५ मिलिमीटर. १५८ फेरे, एका थरात २५, म्हणजे सहा थर आणि वर थोडे. तार तेवीस मीटर लागली. रोध ०.६ ओम. १५ मध्ये हे मिळून १५.६ होतात, १६ च्या जवळच गेलो.

चूक: पहिल्यांदा मधून लोखंडी बोल्ट घालून चकत्या आवळल्या. एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणारा) १.३ मिलीहेन्री आले. फेरे मोजण्यात चूक झाली असं समजून वीस फेरे उलगडले. दोष बोल्टचा होता. लोखंड मध्ये असलं की इंडक्टन्स वाढतो, आणि मोठ्या करंटला ते लोखंड सॅच्युरेट होऊन स्वतःचं वेगळं डिस्टॉर्शन घालतं. पितळी बोल्ट घातला, फेरे परत चढवले, ०.९८ आले. दोन तास गेले.

फेरे मोजताना प्रत्येक थर संपला की तारेवर मार्करने खूण करा. दाराची बेल वाजली की आकडा विसरतो.

२६ जानेवारी

जोडणी. पहिली पायरी कायम सर्किटमध्ये, तिला स्विच नाही. कारण टॉगल एका बाजूकडून दुसरीकडे जाताना क्षणभर दोन्हीकडून सुटलेला असतो. पहिली पायरी पक्की असेल तर त्या क्षणातही ॲम्पला १५.६ ओम दिसतात. पुढे पहिला टॉगल एक पायरी घालतो, दुसरा टॉगल दोन. त्यातून ६, १२, १८, २४ मिळतात. अजिबात कपात नको असेल तेव्हा डबा काढून स्पीकर सरळ ॲम्पला लावायचा, आणि तेही ॲम्प बंद करून.

सोनेरी रेझिस्टर थर्मल पेस्ट लावून डब्याच्या तळाला बोल्टने आवळले. सिमेंटचे टॅगस्ट्रिपवर, तळापासून एक सेंटिमीटर वर, आणि त्यांचे पाय सोल्डर करण्याआधी टॅगमधून ओवून पिळून घेतले. सोल्डर वितळलं तरी पाय निसटायला नको. कॉइल डब्याच्या भिंतीपासून अडीच सेंटिमीटर लांब. ॲल्युमिनियम जवळ आलं की इंडक्टन्स घटतो.

मीटरने तपासणी, स्पीकर लावून, ॲम्पपासून सुटा डबा: ६ डेसिबलवर ७.६ ओम, बाकी सगळीकडे ७.८ ते ७.९. प्रोबचे ०.२ वजा करून. यात एखादा आकडा १५ च्या जवळ आला तर कुठेतरी काहीतरी सुटलंय.

ॲम्प ते डबा आणि डबा ते स्पीकर, दोन्हीकडे जाड स्पीकरची वायर. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिची आतली तार केसाएवढी, तिच्यातून दीड-दोन अँपिअर नेऊ नका.

१ फेब्रुवारी

डमी लोडवर ४०० हर्ट्झ. साधे मल्टिमीटर एक किलोहर्ट्झवर एसी खोटं दाखवतात, म्हणून ४००. ॲम्पकडे १२ व्होल्ट, म्हणजे १८ वॅट. डब्याच्या पुढे ५.९, २.९, १.४५, ०.७. हिशोबाप्रमाणे.

पाऊण तास व्हॉल्यूम ७ वर वाजवून डब्याचा तळ ६१ अंश, खोली २८. हाताला सोसत नाही, पण रेझिस्टरना काही होत नाही. डबा कापडावर किंवा गादीवर ठेवू नका. खाली रबराचे पाय, चारी बाजूंना हवा.

ऐकून: ६ आणि १२ डेसिबलच्या कपातीवर टोन तोच, लांबून ऐकल्यासारखा. खालची ई तार छेडली की तो दबून फुलण्याचा प्रकार पूर्ण शाबूत, कारण ईएल८४ खरोखर तेवढा करंट ओढत आहेत आणि बी-प्लस खरोखर ३०२ वर उतरतोय. ११ जानेवारीच्या एल-पॅडशी एकाच आवाजावर तुलना केली, फरक पहिल्याच कॉर्डला कळतो. १८ वर थोडी कड कमी. २४ वर वरचा आणि खालचा भाग दोन्ही मागे गेले. त्यातला बराच भाग कानाचा आहे. आवाज कमी झाला की कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. स्पीकरचा कागदही ०.१ वॅटवर ताणला जात नाही, आणि ते कोणत्याच डब्याने परत येणार नाही.

एक मीटरवर २४ ला ८३ डेसिबल. उद्दिष्टाच्या आत. पण पायऱ्या ६ च्या असल्यामुळे मधलं काही मिळत नाही. त्यासाठी मास्टर.

८ फेब्रुवारी

फेज इन्व्हर्टरच्या पुढचा मास्टर. ईएल८४च्या ग्रिडवरचे (ट्यूबची सिग्नल घेणारी जाळी) ४७० किलोओमचे दोन रेझिस्टर काढून त्या जागी २५० किलोओम लॉग, दुहेरी पॉट. कपलिंग कपॅसिटर पॉटच्या वरच्या टोकाला, मधला पाय ग्रिडकडे, खालचं टोक अर्थ. मधल्या प्रत्येक पायापासून अर्थला २.२ मेगओम. हा २.२ मेग विसरू नका. पॉटचा ब्रश झिजून क्षणभर सुटला तर ग्रिड हवेत लटकतं, आणि ट्यूबचा करंट सुटतो.

चेसिसमध्ये हात घालण्याआधी: प्लग काढा, मग ५ वॅट १० किलोओमच्या रेझिस्टरने फिल्टर कपॅसिटर रिकामे करा, आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आलेलं बघा. बंद ॲम्पमध्येही ३३० व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात, आणि त्याने माणूस मरतो.

पहिला पॉट साठ रुपयांचा. लावण्याआधी मोजला ते बरं झालं: मध्यावर एक बाजू ३८ किलो, दुसरी ५१. असा पॉट लावला तर एक ईएल८४ दुसरीपेक्षा जास्त ड्राइव्ह होते आणि वेव्ह एका बाजूने आधी कापते. दुसरा ४२० चा घेतला, ४१ आणि ४३. दुकानात मीटर घेऊन जा.

९ फेब्रुवारी

मास्टर ४ ते ६ च्या मध्ये असताना बारीक शीळ, आणि काही न वाजवता कॅथोड १३ व्होल्टवर. हे ऑसिलेशन. बऱ्याचदा ते कानाच्या पलीकडे असतं, फक्त टोन कर्कश आणि ट्यूब गरम. म्हणून कॅथोडचं व्होल्टेज बघत राहायचं.

कारण: पॉट पुढच्या पॅनलवर, आणि तिथून परत ग्रिडकडे येणाऱ्या १५ सेंटिमीटरच्या साध्या वायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वायरला लागून गेल्या होत्या. आउटपुट परत इनपुटला मिळत होतं.

तीन गोष्टी केल्या. चारही वायर शील्डेड केबलच्या, शील्ड फक्त पॉटच्या टोकाला अर्थ. प्रायमरीच्या वायर ओलांडायच्या तिथे काटकोनात. आणि ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या सिरीजला ऑसिलेशन रोखणारे रेझिस्टर) २.२ किलोचे होते आणि टर्रेट बोर्डवर (सगळे सुटे भाग सोल्डर केलेली पट्टी) होते, ते ८.२ किलोचे करून थेट सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनला. स्टॉपर पिनपासून लांब असेल तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. शीळ गेली, कॅथोड ११.२.

चेसिस उघडाच होता म्हणून नऊ नंबरच्या पिनवरचे स्क्रीन (ट्यूबची दुसरी जाळी) रेझिस्टर १०० ओमवरून ४७० ओम ३ वॅट केले. आता ॲम्प रोज सात वर चालणार, आणि तिथे सगळ्यात आधी स्क्रीन थकतात.

१५ फेब्रुवारी

मास्टरचं खरं मूल्यमापन. डबा काढून नुसत्या मास्टरवर ८५ डेसिबलपर्यंत आणलं तर आवाज मधमाश्यांसारखा भुणभुणतो. फेज इन्व्हर्टर कापतोय, पण ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर निवांत. बी-प्लस ३२८ वरून हलत नाही. मास्टर ७ च्या खाली नेला की हे सुरू होतं. ७ च्या वर ठेवून त्यातून ३ ते ५ डेसिबलच घ्यायचे, बाकी डब्यातून.

भुणभुण कमी करायला दोन बदल. फेज इन्व्हर्टरच्या दोन प्लेटमध्ये ४७ पिकोफॅरड, १ किलोव्होल्टचा. साधा ५० व्होल्टचा चकतीवाला लावू नका, तिथे शेकडो व्होल्टचा हेलकावा असतो. आणि व्हॉल्यूमवरचा ५०० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर (ट्रेबल जास्त पुढे सोडणारा) काढून १०० चा. हा बदल व्हॉल्यूम ३-४ वर वाजवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल, तिथेच ५०० चा सर्वांत जास्त टोचतो.

१६ फेब्रुवारी

२४ डेसिबलवर गेलेली कड परत आणायला शेवटच्या पायरीच्या ८.२ ओमला समांतर कपॅसिटर, टॉगलवर. आधी १० मायक्रोफॅरड: दोन किलोहर्ट्झपासूनच चढायला लागतो, डिस्टॉर्शनचा सगळा कचरा वर येतो. ४.७: चार किलोहर्ट्झपासून, तेवढंच हवं होतं. ट्वीटरच्या क्रॉसओव्हरसाठी मिळतो तो १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर, ७० रुपये. प्लस-मायनस असलेला इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही. १२ डेसिबलवर हा टॉगल बंद ठेवायचा, तिथे ग्लासवर नाणं घासल्यासारखं वाटतं.

बाससाठी सर्किट नाही, कॅबिनेट हलवलं. जमिनीवर भिंतीकडे पाठ करून एक हात अंतरावर होतं. उघड्या पाठीचं आहे, त्यामुळे भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आणल्यावर खालचा भाग भरला. मग स्टुलावर चढवून कानाच्या उंचीला आणलं आणि ट्रेबल ६ वरून ४ वर आला. १२ इंची स्पीकर वरचा आवाज सरळ रेषेत फेकतो. पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा ट्रेबल गुडघ्यांना ऐकू जातो, आणि लोक मग नॉब वाढवत बसतात. या एका बदलाला खर्च शून्य, परिणाम कपॅसिटरहून जास्त.

१ मार्च

दोन आठवडे रोज तासभर, व्हॉल्यूम ७. कॅथोड ११.० व्होल्ट, ट्यूब थोड्या उतरल्यात पण जोडी सारखी. अंधारात प्लेट बघितल्या, जास्त तापल्याची लाली नाही. ईएल८४ आता पूर्वीपेक्षा लवकर बदलाव्या लागणार, हा या पद्धतीचा खर्च धरूनच चालायचं.

सेटिंग: दिवसा १८ डेसिबल, मास्टर ८, कपॅसिटरचा टॉगल बंद. संध्याकाळी २४, मास्टर ७, टॉगल चालू. एक मीटरवर ७९, दार लावून जिन्यात ५०. रात्री दहानंतर स्पीकर नाही.

खर्च: डबा १९७० (रेझिस्टर ५००, तार ३००, डबा ६२०, जॅक १२०, टॉगल २१०, कपॅसिटर ७०, पेस्ट-बोल्ट-किरकोळ १५०). ॲम्पमधले बदल ५४५, त्यात पॉटचेच ४२०. वाया गेलेले १८०: पहिले सिमेंट रेझिस्टर, स्वस्त पॉट, १० मायक्रोफॅरड. एकूण २६९५. वेळ तीस तासांच्या आसपास, त्यातले नऊ चुकांचे.

राहिलेलं काम: डब्याच्या झाकणाला भोकं पाडायची आहेत. एप्रिलमध्ये खोली ३६ वर गेली की तळ ७० च्या आसपास जाईल, आणि कॉइलच्या चकत्या हार्डबोर्डच्या आहेत. त्या फायबरच्या करून घेतो.